ययातीतल्या ढगाचं झाड: एल १४४८ मोजतानाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

मोर्शी तालुक्यातल्या एका गावात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. दिवसा सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा. रात्री आठनंतर लॅपटॉप मोकळा. भाचा अमरावतीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला प्रकल्प हवा होता, मला निमित्त हवं होतं. तारे जन्माला घालणाऱ्या रेणूमेघांमध्ये (थंड वायू आणि धुळीच्या ढगांमध्ये) गोळे, गाभे, धागे कसे ओळखतात आणि त्यांचं माप कसं काढतात, हे खऱ्या निरीक्षणांवर करून पाहायचं ठरवलं. दुर्बीण लागत नाही. इतरांनी घेतलेली निरीक्षणं फुकट मिळतात.

जागा निवडली ययाती (पर्सिअस) या तारकासमूहातल्या मेघाची. फेब्रुवारीत दिवेलागणीला कृत्तिका जवळपास डोक्यावर असतात, तिथून थोडं उत्तरेकडे सरकलं की हा मेघ येतो. डोळ्यांना तिथे काहीही दिसत नाही. आम्हाला त्यातला फक्त पश्चिम टोकाचा तुकडा हवा होता, एल १४४८. कारणं दोन. एक, त्याची फाइल लहान आहे. दुसरं, २००९ साली ॲलिसा गुडमन आणि सहकाऱ्यांनी नेमक्या याच तुकड्याचं 'झाड' (कुठला गोळा कुठल्या मोठ्या भागात मोडतो, ते दाखवणारा फांद्यांचा आलेख) काढून 'नेचर' या शोधपत्रिकेत छापलं होतं, त्यामुळे आपलं उत्तर कुठे भरकटतंय का ते पडताळता येतं. पहिल्यांदा करणाऱ्याने कुणी न मोजलेली जागा घेऊ नये.

सामान: जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅमचा. वरूडहून जुनी ८ जीबीची पट्टी आणली, हजाराच्या आत मिळाली. पायथन ही भाषा, तिच्यात खगोलाच्या फाइली वाचायला ॲस्ट्रोपाय, झाड काढायला ॲस्ट्रोडेंड्रो आणि चित्र पाहायला डीएस-नाइन, सगळं मोफत. खर्च झाला तो मोबाइल डेटाचा. आधी पूर्ण ययाती मेघाचा घन (तीन अक्षांची निरीक्षणांची फाइल) उतरवायला घेतला होता. रोजच्या पॅकमध्ये तो बसेना, अर्ध्यात तुटला की पुन्हा पहिल्यापासून. लहान तुकडा उतरवा, काही मेगाबाइटमध्ये काम भागतं.

९ फेब्रुवारी

सिद्धांत लिहीत बसत नाही, पण एवढं कळल्याशिवाय फाइल उघडून उपयोग नाही. मेघ बहुतेक सगळा हायड्रोजनच्या रेणूंचा आहे आणि १०–२० केल्विन इतक्या थंडीत हा रेणू गप्प असतो, काही प्रसारित करत नाही. म्हणून त्याच्यासोबत मिसळलेल्या दुसऱ्या कशावर तरी भिस्त ठेवावी लागते. कार्बन मोनॉक्साइड ११५.२७ गिगाहर्ट्झला बोलतो. पण तो इतका मुबलक आहे की दाट भागात त्याचा संदेश पृष्ठभागावरूनच येतो, आतलं दिसत नाही. म्हणून कार्बन-१३ असलेला विरळ भाऊ वापरतात, ११०.२० गिगाहर्ट्झचा. पुढे त्याला तेरा-सीओ म्हणतो. दुसरा मार्ग धुळीचा: धूळ मागच्या ताऱ्यांचा प्रकाश किती अडवते ते मोजा, नाहीतर ती स्वतः दूर-अवरक्तात किती चमकते ते मोजा.

आम्ही तिन्ही वापरले. तिघांचं एकमत झालं नाही, आणि कामाचं बरंचसं शिक्षण त्या भांडणातून मिळालं.

१७ फेब्रुवारी

सुरुवात सोप्या सपाट नकाशाने: टू-मास या अवरक्त सर्वेक्षणातल्या ताऱ्यांच्या लालीवरून काढलेला, धुळीने प्रकाश किती अडला याचा नकाशा. ॲस्ट्रोडेंड्रोच्या शिकवणीत हाच ययातीचा नकाशा नमुना म्हणून दिलेला आहे. तीन आकडे द्यावे लागतात. तळरेषा: याच्या खालचं काही मोजू नकोस. किमान उंची: शेजाऱ्यापेक्षा एवढा वर आला तरच त्याला वेगळा मान. किमान पिक्सेल: याहून लहान असेल तर सोडून दे. शिकवणीतले २, १ आणि १० जसेच्या तसे भरले. मिनिटाच्या आत झाड उगवलं.

भाचा खूश. पानं दिसताहेत म्हणजे गाभे सापडले, असं त्याने वहीत लिहूनही टाकलं.

ते गाभे नव्हते. या नकाशाचं विभेदन, म्हणजे त्यात दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील, सुमारे ५ कलामिनिटांचं आहे (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, कलासेकंद त्याचा साठावा; पुढे नुसतं मिनिट, सेकंद). ययाती मेघ साधारण ३०० पार्सेकवर आहे (१ पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं). तिथे १ कलासेकंद म्हणजे ३०० खगोलीय एकक (एक एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर), म्हणून ५ मिनिटं म्हणजे ९०,००० एकक, जवळपास ०.४४ पार्सेक. तारा ज्यात घडतो तो गाभा ०.१ पार्सेकच्या आसपास असतो. म्हणजे आमचं एकेक पान हे गाभा नसून एनजीसी १३३३, बी १, बी ५ असे आख्खे प्रदेश होते. कुठलाही नकाशा हातात घेतला की आधी त्याच्या विभेदनाचं पार्सेकमध्ये रूपांतर करून कागदावर लिहा. त्याच्याहून लहान काहीही तो नकाशा सांगू शकत नाही, झाड कितीही सुबक येवो.

२४ फेब्रुवारी

भाच्याचं अडलं. "मामा, यात पान कोणतं अन् फांदी कोणती, कायी समजून नाही राह्यलं." पडद्यावर नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. मी समजावण्याचा प्रयत्न केला, तोही फसला. बाबा बाजेवर बसून ऐकत होते. आमचं जुनं शेत अप्पर वर्धाच्या बुडितात गेलेलं आहे, त्यामुळे त्यांना तिथला तळ तोंडपाठ.

"पाणी उतरलं का पह्यलं मारुतीचं टेकाड उघडं पडते. मंग बाजूचं दुसरं. दोन्ही बेटावानी दिसते. मे लागला का मधातली धार निंघते अन् दोन्हीचं एकच होते."

"आबाजी, हेच त हाये!" असं म्हणून भाच्याने वही ओढली.

खरंच तेच आहे. सर्वांत उजळ पिक्सेलपासून पातळी हळूहळू खाली आणायची. नवं टेकाड वर आलं की नवं पान. दोन बेटं जिथे जुळली ती पातळी म्हणजे फांदीचा सांधा. शेवटी सगळं ज्या जमिनीवर उभं आहे ते खोड. कोणतं बेट कोणत्या पातळीला कुणाला मिळालं, एवढीच नोंद म्हणजे डेंड्रोग्राम. मेघाच्या कामात ही पद्धत एरिक रोसोलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आणली. रात्री भाच्याने बुडिताचंच झाड काढलं, तीन टेकाडांचं. दुसऱ्या दिवशी त्याला एल १४४८चं झाड वाचता येत होतं.

३ मार्च

आता तेरा-सीओचा घन. यात आकाशातल्या दोन दिशा आणि तिसरा अक्ष वेगाचा. तिसरी बाजू खोली नाही, हे विसरू नका. एकाच वेगाने चालणारे दोन ढग एकामागे एक असले तर इथे ते एकच दिसतात.

तीन आकडे यावेळी उधारीचे घेतले नाहीत.

नॉइज: ज्या वेगांवर मेघाचा काहीच संदेश नाही, अशा सुरुवातीच्या आणि शेवटच्या चॅनेलमधून (वेगाच्या पट्ट्यांमधून) काढला. साधं प्रमाण विचलन घेतलं तर दोन-चार खराब पिक्सेल आकडा फुगवतात. म्हणून मध्यकापासूनच्या विचलनांचा मध्यक काढून त्याला १.४८२६ ने गुणलं. तळरेषा या नॉइजच्या तिप्पट, किमान उंचीही तिप्पट.

किमान पिक्सेल: पिक्सेल २३ कलासेकंदांचा, बीम (दुर्बीण एका वेळी पाहते तेवढा आकाशाचा ठिपका) त्याच्या जवळपास दुप्पट रुंद. बीमचं क्षेत्रफळ १.१३३ × २ × २, म्हणजे साडेचार पिक्सेल. वेगाच्या दिशेने निदान तीन चॅनेल धरले तर १४ घनपिक्सेल. त्याहून लहान जे काही निघेल ते दुर्बिणीचा ठसा, मेघाचा नाही.

पहिल्या झाडात पानांचा नुसता पाचोळा. शोधलं तर निम्म्याहून जास्त पानं घनाच्या कडेला. कडांवर दुर्बीण कमी वेळ थांबलेली असते, तिथला नॉइज मधल्यापेक्षा जास्त, आणि आमची तळरेषा मधल्या नॉइजवरून ठरलेली. कडेची पट्टी कापून टाकली. झाड एकदम ओळखीचं दिसायला लागलं.

९ मार्च

शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटची तारीख. काम शून्य.

१६ मार्च

आकार मोजायला घेतले. काही पानांच्या त्रिज्येच्या जागी आकडाच नाही, नुसतं 'नॅन'. संगणक बिघडला नव्हता. मोजलेल्या आकारात दुर्बिणीच्या बीमचा फुगवटा मिसळलेला असतो, तो वर्गातून वजा करायचा: आकाराचा वर्ग वजा बीमचा वर्ग, मग वर्गमूळ. पान बीमपेक्षा लहान निघालं की वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. अशा पानांचा आकार आपल्याला माहीत नाही, एवढंच तक्त्यात लिहायचं. तिथे शून्य भरू नका आणि बीमचा आकारही भरू नका. भाच्याने सोय म्हणून बीम भरला होता. पुढच्या आलेखात सगळे ठिपके एका उभ्या रेघेत आले तेव्हा लक्षात आलं.

बीम इथे साधारण ४५ सेकंद, म्हणजे ०.०६५ पार्सेक. ०.१ पार्सेकचा गाभा जेमतेम उमटतो.

त्याच दिवशी दुसरा खड्डा. ॲस्ट्रोडेंड्रो ज्याला त्रिज्या म्हणतो ती खरी त्रिज्या नाही. लांब आणि आखूड अक्षांवरच्या विचलनांचा तो भूमितीय मध्य आहे. मेघांच्या कामात त्याला १.९१ ने गुणून त्रिज्या धरण्याचा रिवाज १९८७ पासून चालत आला आहे. हे गुणायचं राहिलं तर पुढची सगळी गणितं जवळपास निम्म्यावर येतात, आणि चूक दिसतही नाही, कारण आकडे समजूतदारच वाटतात.

२३ मार्च

आज ज्याच्यासाठी हे चाललं होतं ते: हा गोळा स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेला आहे की नुसताच जमलेला आहे आणि विखरून जाणार?

सूत्र साधं आहे. आल्फा = ५ × वेगविचलनाचा वर्ग × त्रिज्या ÷ (जी × वस्तुमान). वेगविचलन म्हणजे गोळ्यातले वेग किती पसरलेले आहेत ते, जी म्हणजे गुरुत्व स्थिरांक. ढोबळमानाने २ च्या खाली असेल तर बांधलेला. पार्सेक, किलोमीटर प्रति सेकंद आणि सूर्याचं वस्तुमान ही एककं धरली तर जी = ०.००४३.

आमचा पहिला आल्फा दहा लाखांच्या घरात. म्हणजे ययातीतला सगळा मेघ कालच फुटून गेलेला असायला हवा. घनाच्या हेडरमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत) वेग मीटर प्रति सेकंदात होता. हजारचा फरक, त्याचा वर्ग दहा लाख. असा ढळढळीत चुकला तर बरं, सापडतो तरी.

मग हाताने एक उदाहरण सोडवून घेतलं, कुणीही आधी हेच करावं: विचलन ०.३, त्रिज्या ०.१, वस्तुमान १०. वर ०.०४५, खाली ०.०४३, आल्फा १.०५. इथे १.९१ ने गुणायचं राहिलं असतं तर ०.५५.

पण हेही अजून पुरं नाही. ०.३ हे तेरा-सीओचं विचलन आहे, वायूचं नाही. तेरा-सीओ २९ पट जड, १० केल्विनला त्याची स्वतःची उष्णतेची धावपळ फक्त ०.०५ किलोमीटर प्रति सेकंद. आसपासचा हायड्रोजन-हेलियमचा वायू सरासरीने हलका, त्याची ०.१९. म्हणून ०.३ च्या वर्गातून ०.०५ चा वर्ग काढायचा आणि ०.१९ चा घालायचा. उत्तर ०.३५. एवढ्याशा दुरुस्तीने आल्फा १.०५ वरून १.४ वर गेला. काठावरच्या गोळ्यांचा निकाल यात फिरतो.

विचलन आणि अर्ध्या उंचीवरची रुंदी यांतही गोंधळ होतो. जुन्या तक्त्यांत बहुतेक वेळा रुंदी असते, तिला २.३५५ ने भागा.

२ एप्रिल

तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या आकड्यांशी आमची वस्तुमानं जुळेनात. सगळीच आमची जास्त, आणि सगळी सारख्याच प्रमाणात. सारख्याच प्रमाणात म्हटल्यावर शंका एककावर किंवा अंतरावर. अंतरच निघालं. जुन्या कामांत ययाती मेघ २५० पार्सेकवर धरला आहे. ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मापांनंतर तो ३०० च्या आसपास सरकला. वस्तुमान अंतराच्या वर्गाने वाढतं, म्हणजे १.४४ पट. त्रिज्या १.२ पट. आल्फा मात्र सहाव्या हिश्शाने कमी होतो, कारण वर एक अंतर आणि खाली दोन. तेव्हा तुलना करताना आधी दोघांचं अंतर एक करा.

सध्या थ्री फेज रात्रीची आहे. मध्यरात्रीनंतर संत्र्याला पाणी देऊन परत आलो तेव्हा हे सुचलं. संगणकासमोर सुचलं नसतं असं मला वाटतं, पण पुरावा नाही.

१३ एप्रिल

वस्तुमानासाठी हर्शेल दुर्बिणीचा धुळीचा नकाशा घेतला. ही अवकाश दुर्बीण २००९ ते २०१३ चालली. जवळच्या मेघांचं तिने ७० ते ५०० मायक्रॉनमध्ये केलेलं गूल्ड पट्ट्याचं (गूल्ड बेल्ट) सर्वेक्षण सगळ्यांना खुलं आहे. त्यातून काढलेला स्तंभ घनतेचा नकाशा तयार मिळतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर हायड्रोजनचे किती रेणू उभे आहेत ते. विभेदन १८ सेकंद, ययातीत ०.०२६ पार्सेक. तेरा-सीओच्या अडीचपट बारीक.

फाइल मोठी आहे. एल १४४८ची चौकट कापून साठवली, मूळ फाइल बाजूला ठेवली.

घनतेवरून वस्तुमान काढताना दर रेणूमागे हायड्रोजन अणूच्या २.८ पट वजन धरतात, कारण हेलियमही सोबत आहे. पडताळणीसाठी: ०.१ पार्सेक बाजूच्या चौकोनात सगळीकडे १० चा २२वा घात एवढे रेणू असतील तर २.२ सूर्यांएवढं वस्तुमान यायला हवं. आमच्या प्रोग्रामला ते आलं. हे न पाहता पुढे जाऊ नका. पिक्सेलचा आकार हेडरमध्ये अंशांत असतो, तिथे ३६०० चा घोळ हमखास होतो.

२० एप्रिल

सगळ्यांत जास्त वेळ गेलेली नोंद, म्हणून सविस्तर.

गोळ्याचं वस्तुमान म्हणजे नक्की काय? मारुतीच्या टेकाडाची उंची पाण्यापासून मोजायची की बुडालेल्या तळापासून? हर्शेलच्या नकाशात एका पानाखाली जो पसारा आहे तो त्या पानाचा धरायचा, की ज्या पातळीवर ते शेजाऱ्याला मिळतं तिथपर्यंतचं सगळं वजा करायचं?

वाद घालत बसण्यापेक्षा भाच्याने खोटे गोळे पेरले. नकाशाच्या रिकाम्या भागात गॉसच्या (घंटेसारख्या) आकाराचे कृत्रिम ढीग टाकले, वस्तुमान आपल्याला आधीच ठाऊक. मग तेच झाड, तेच आकडे. ढीग शेजाऱ्याला शिखराच्या निम्म्या उंचीवर मिळत असेल तर: कंटूरच्या (त्या पातळीच्या रेघेच्या) आतलं सगळं मोजलं की खऱ्याच्या ५० टक्के परत येतं. खालचा थर वजा करून मोजलं तर १५ टक्के. ढीग तोच, मोजणारा तोच, आणि उत्तरात तिपटीहून जास्त तफावत.

मला आधी प्रोग्राम चुकलाय असंच वाटलं. दोन संध्याकाळी तो शोधण्यात गेल्या. मग कागदावर केलं. शिखराच्या फ हिश्शाएवढ्या उंचीवर कापलं की दोन दिशांत पसरलेल्या गॉसमधला १ − फ एवढा भाग आत राहतो, आणि तळ वजा केला की त्यातून फ × फ च्या व्यस्ताचा नैसर्गिक लॉग आणखी जातो. निम्म्यावर ०.५ आणि ०.१५, अचूक तेवढेच. कापण्याची पातळी शिखराच्या पाचव्या हिश्शावर आली तर ०.८ आणि ०.४८. प्रोग्राम बरोबर होता.

यातून दोन गोष्टी पक्क्या केल्या. दाटीवाटीतल्या पानाचं वस्तुमान एकाकी पानापेक्षा आपोआप कमी येतं, कारण ते लवकर कापलं जातं. दोघांची थेट तुलना नको. आणि तक्त्यात दोन्ही वस्तुमानं शेजारी शेजारी लिहायची, कापण्याच्या पातळीसकट. नुसतं 'इतके सूर्य' असं कुणी लिहिलेलं असेल तर मी आता त्यावर विश्वास ठेवत नाही.

१ मे

केंद्र बंद, दिवसभर वेळ. झाडाऐवजी जुनी पद्धत करून पाहिली.

१९९४ मध्ये विल्यम्स, डी ग्यूस आणि ब्लिट्झ यांनी क्लम्पफाइंड आणलं. तेही पातळी खाली उतरवतं, पण पायऱ्यापायऱ्यांनी, आणि तळरेषेवरचा प्रत्येक पिक्सेल कुणाच्या तरी नावावर चढवतंच. बिनधनी काही ठेवत नाही. आमच्याकडे मूळ प्रोग्राम नव्हता, त्या तत्त्वावर छोटासा लिहून घेतला. पायरी नॉइजच्या दुप्पट ठेवली, मग तिप्पट, मग पाचपट. दर वेळी गोळ्यांची संख्या बदलली, आणि हद्दीही इकडच्या तिकडे झाल्या. काही वेळा एकाच गोळ्याचे दोन आणि त्या दोघांत तिसऱ्याचा तुकडा. २००९ मध्ये पिनेडा, रोसोलोव्स्की आणि गुडमन यांनी ययातीच्याच तेरा-सीओवर हाच धोका दाखवला होता.

झाडातही किमान उंची बदलली की पानं कमी-जास्त होतात. भाचा म्हणाला, "मंग फरक काय पडला?" फरक हा: झाडात एखादं पान गळालं तर फार तर त्याचं जोडीदार पान खालच्या सांध्यापर्यंत वाढतं, बाकीच्या पानांच्या हद्दी हलत नाहीत. क्लम्पफाइंडमध्ये एकाचं नाव कटलं की त्याची जमीन शेजाऱ्यांत वाटली जाते आणि सगळ्यांची वस्तुमानं बदलतात. शिवाय फांदीचंही वस्तुमान, त्रिज्या, आल्फा काढता येतो. एल १४४८मध्ये पाहण्यासारखं तिथेच आहे: पानांइतक्याच त्यांना धरणाऱ्या मोठ्या फांद्याही बांधलेल्या निघतात. नुसते गोळे मोजले असते तर हे दिसलंच नसतं.

या मेघात किती गोळे आहेत, हा प्रश्न मी त्या दिवसापासून विचारणं सोडलं.

११ मे

लोडशेडिंग. दुपारी तीन तास लाइट नसते, इन्व्हर्टर केंद्राच्या कामाला राखून ठेवावा लागतो. ॲस्ट्रोडेंड्रोमध्ये झाड फाइलमध्ये साठवायची सोय आहे, ती प्रत्येक फेरीनंतर वापरा. आम्ही वापरत नव्हतो, म्हणून एक रात्रभराची फेरी वाया गेली.

फेरी होती टिकाऊपणाची. खऱ्या घनावर मोजलेल्या नॉइजएवढाच नवा कृत्रिम नॉइज शिंपडायचा, झाड काढायचं, पुन्हा नवा नॉइज, पुन्हा झाड. असं शंभर वेळा. सोबत किमान उंची नॉइजच्या दुप्पट ते पाचपट हलवायची. मग प्रत्येक पानासमोर लिहायचं, किती फेऱ्यांत ते उरलं. कुठलंही पान दर वेळी एकाच पिक्सेलवर येत नाही, म्हणून शिखर अर्ध्या बीमच्या आत असेल तर तेच पान धरलं.

पानांचे सरळ दोन गट पडले. काही जवळपास प्रत्येक फेरीत हजर. काही चार-दोन फेऱ्यांत येऊन जाणारी. मधली फार थोडी. तक्त्यात फक्त पहिला गट ठेवला.

१८ मे

टिकाऊ पानांची शिखरं आणि हर्शेलच्या धुळीची शिखरं एकावर एक ठेवली. विरळ भागात छान बसली. सगळ्यांत दाट ठिकाणी मात्र तेरा-सीओचं शिखर बाजूला सरकलेलं आणि चपटं.

आधी नकाशे नीट जुळवले नाहीत असं समजून सहनिर्देशक तपासले. बरोबर होते. खरं कारण रसायनाचं. गाभ्यात इतकी थंडी आणि घनता असते की कार्बन मोनॉक्साइड धुळीच्या कणांवर गोठून बसतो, वायूतून नाहीसा होतो. जिथे सर्वांत जास्त माल तिथेच हा साक्षीदार मुका. त्यात तेरा-सीओही दाट जागी थोडा अपारदर्शक होतो. म्हणून खऱ्या गाभ्यांसाठी ॲमोनिया किंवा डायझेनिलियम वापरतात, ते उशिरा गोठतात.

आणखी एक. ज्या पानांचं विचलन सर्वांत मोठं, ती एल १४४८मधल्या कोवळ्या आदिताऱ्यांजवळची निघाली. तिथल्या तारा-बाळांपैकी एकाचे झोत १९९० पासून प्रसिद्ध आहेत. ते आसपासचा वायू ढकलतात आणि तेरा-सीओची वर्णपटातली रेषा रुंद होते. सूत्र या रुंदीला 'विखरणारा गोळा' समजून आल्फा २ च्या वर नेतं, आणि तिथे तारा तर आधीच जन्मलेला! अशा पानांसमोर तक्त्यात खूण केली. आल्फाचा आकडा ठेवला, निकाल लिहिला नाही.

३० मे

भाच्याचा अहवाल गेला. तक्ता करताना ठरवलेले रकाने, कुणाला तसेच वापरायचे असतील तर: पानाची किंवा फांदीची ओळख, कापण्याची पातळी, बीम वजा केलेली त्रिज्या (किंवा 'माहीत नाही'), वायूचं दुरुस्त विचलन, दोन्ही पद्धतींचं वस्तुमान, दोन्हींचा आल्फा, शंभरात किती फेऱ्या टिकलं, आदितारा जवळ आहे का. अंतर ३०० पार्सेक, वरच ठळक. नॉइज आणि तिन्ही किमान आकडे शीर्षकातच, तळटिपेत नाही. तळटीप कुणी वाचत नाही.

एकूण खर्चात रॅम आणि डेटा, बाकी नाही. वेळ सगळ्यात जास्त एककांत आणि २० एप्रिलच्या त्या वस्तुमानात गेला.

पुढचं: ग्रीन बँकच्या १०० मीटर दुर्बिणीने ॲमोनियात घेतलेला एनजीसी १३३३चा घन खुला आहे. तो उतरवून ठेवला. त्यात रेषा एक नसून गट असतो, त्यामुळे विचलन काढायची आमची सरळ पद्धत चालणार नाही, आधी प्रत्येक पिक्सेलवर गटाची जुळणी करावी लागेल. पेरण्या आटोपल्या की ते.